बक्षीस की मोबदला?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

केलेल्या कामाचे जे पैसे हातात पडतात, त्यांना आपल्या मराठीत किती नावे आहेत! पगार आहे, वेतन आहे, मजुरी आहे, रोजंदारी आहे, मेहनताना आहे, मोबदला आहे. त्यांच्या जोडीला बक्षीस, इनाम, कमिशन आणि बोनस. कविता लिहिणाऱ्याला शब्दांची चौकशी करण्याची खोड असते, म्हणून सांगतो. ‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. ‘मोबदला’ अरबीतून आला. त्याच्या मुळाशी अदलाबदल आहे. तू मला काही दिलेस, मी त्याच्या बदल्यात तुला काही दिले. ‘बक्षीस’ फारसीतले. त्यात देणाऱ्याची मर्जी आहे. बक्षीस देणारा हात वर असतो, घेणारा खाली. मोबदल्यात मात्र दोन्ही हात समोरासमोर असतात.

हा फरक नुसता शब्दकोशातला नाही. विक्रीचे काम करणाऱ्या माणसांच्या बाबतीत तर तो रोजच्या भाकरीशी जोडलेला आहे. कापडाच्या दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडणारी मुलगी, मोबाइलच्या दुकानातला पोरगा, बिस्किटे आणि साबणाच्या ऑर्डरी घेत लांजा-राजापूरच्या लाइनवर फिरणारा सेल्समन, दवाखान्याच्या बाहेर बॅग घेऊन ताटकळणारा औषध कंपनीचा एमआर, विम्याचा एजंट. या सगळ्यांच्या कमाईचे दोन भाग असतात. एक ठरलेला आणि दुसरा विक्रीवर हलणारा. काहींचा ठरलेला भाग शून्यच असतो. या दोहोंतला मोबदला कोणता आणि बक्षीस कोणते, हे नीट ठरले नाही की काम करणारा आतून विटतो, मालकाचा धंदा बसतो आणि मधल्या मध्ये गिऱ्हाईक नाडले जाते. हे कसे घडते आणि ते टाळण्यासाठी काय करता येते, एवढेच आज बघू या.

गिरणीचा धडा

बक्षीस की मोबदला, हे भांडण आपल्या मुलखाला नवे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत सर्वांत जास्त माणसे गेली ती तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून. त्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना तुफान नफा झाला आणि मालकांनी कामगारांना पगारावर जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. पुढे काही वर्षे वर्षाकाठी एक महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळत राहिला. १९२३ साली मंदीचे कारण देऊन मालकांनी तो बंद केला. कामगार म्हणाले, हा आमचा हक्क आहे. मालक म्हणाले, ती आमची खुशी होती. जानेवारी १९२४ मध्ये संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मार्चअखेरपर्यंत मुंबईतल्या गिरण्या ओस राहिल्या. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निष्कर्ष मालकांच्या बाजूचा होता. बोनसवर कामगारांचा ना कायद्याने हक्क, ना रिवाजाने. थोडक्यात, ते बक्षीस होते.

या एका शब्दातून सुटायला चाळीस वर्षे लागली. १९५० साली मुंबईच्याच गिरणी कामगारांच्या दाव्यात श्रम अपील न्यायाधिकरणाने वेगळे सूत्र मांडले. नफा भांडवल आणि श्रम या दोघांनी मिळून कमावलेला असतो. म्हणून घसारा, कर, भांडवलावरचा रास्त परतावा वगैरे वजा करून जे उरेल त्यात कामगाराचाही वाटा आहे. त्यानंतर मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ साली बोनसचा कायदा आला. कमीत कमी बोनसचे प्रमाण पुढे ८.३३ टक्के झाले. हा आकडा विचित्र वाटतो, पण शंभराला बाराने भागून पाहा. तो वर्षाच्या बारा पगारांवर तेरावा पगार आहे. जास्तीत जास्त मर्यादा २० टक्के. २०१९ च्या वेतन संहितेनेही हेच दोन आकडे ठेवले आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाली आहे.

दिवाळीला बोनस मिळाला की आपण अजूनही ‘मालकांनी दिला’ असे म्हणतो. पण ज्या आस्थापनांना कायदा लागू आहे, तिथे तो मालकाने दिलेला नसतो, कामगाराने मिळवलेला असतो. एवढा एक अर्थ बदलण्यासाठी कोकणातल्या कित्येक घरांनी मनीऑर्डरीविना महिने काढले.

विकणारा कामगार असतो का?

गिरणी कामगाराला निदान कामगार तरी म्हणत होते. विक्रेत्याला तेवढेही मिळत नव्हते. औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ कोण, याची व्याख्या होती. अंगमेहनतीचे, कारकुनी, तांत्रिक असे काम करणारा तो कामगार. औषध कंपनीचा प्रतिनिधी यातले काय करतो? तो डॉक्टरांना भेटतो, औषधाची माहिती देतो, मन वळवतो. मन वळवणे हे व्याख्येत कुठेच बसेना. १९६१ साली ‘मे अँड बेकर’ या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा प्रतिनिधी कामगार नाही असे ठरवले. याचा परिणाम असा की त्याला एका रात्रीत काढून टाकले तरी कामगार म्हणून दाद मागायला त्याला दार नव्हते.

वैद्यकीय प्रतिनिधींच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९७६ साली संसदेने विक्रय संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. नेमणुकीचे पत्र, रजा, आणि विवाद झाल्यास दाद मागण्याची सोय त्यांना मिळाली. पण सुरुवातीला त्यात पगाराची मर्यादा होती. ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमावणारा बाहेर. १९८७ पासून ती मर्यादा गेली. १९९४ साली मुंबईतल्या ‘सँडोझ’ कंपनीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुन्हा सांगितले की मूळ औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत हा माणूस बसत नाही. त्याला जे संरक्षण आहे ते १९७६ च्या कायद्यामुळे. आता तो कायदाही नव्या श्रम संहितांत विलीन झाला आहे आणि ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतच विक्रय संवर्धन कर्मचाऱ्यांचा उल्लेख आला आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की विक्री हे ‘काम’ आहे हे मान्य व्हायलाच आपल्याकडे इतकी वर्षे लागली. अजूनही पुष्कळ मालकांच्या मनात हिशेब असा असतो, की माल माझा, दुकान माझे, गिऱ्हाईक माझे; हा पोरगा फक्त उचलून दाखवतो. विकले गेले तर मालाचा गुण, नाही विकले तर पोराचा दोष.

न्याय असून भागत नाही, दिसावा लागतो

पैसा वाढवला की माणूस जास्त काम करतो, असे सरसकट समजले जाते. ते अर्धे खरे आहे. माणूस आपला पगार एकटा मोजत नाही, शेजाऱ्याच्या पगाराशेजारी ठेवून मोजतो. २००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या संशोधकांनी कॅपुचिन माकडांवर एक प्रयोग केला. माकडाने हातातला खडा परत दिला की त्याला काकडीचा तुकडा मिळे आणि ते खुशीत खाई. मग शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी द्राक्ष दिले गेले. पहिल्या माकडाला मिळणारी काकडी तीच होती, कमी झालेली नव्हती. तरी ते खडा देईना, दिलेली काकडी घेईना. माकडाला जे कळते ते आपल्या दुकानातल्या पोराला कळत नसेल असे समजणे धाडसाचे आहे.

माणसांचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ओडिशातल्या ३७८ मजुरांना महिनाभर काम देऊन निरीक्षण केले. त्यांचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिघा-तिघांच्या तुकड्या होत्या. काही तुकड्यांत तिघांना सारखा रोज, काहींत कमीजास्त. कमी रोज मिळणाऱ्यांचे काम घटले आणि हजेरीही घटली. आपली एक दिवसाची कमाई बुडवून माणसे घरी बसली. गंमत पुढे आहे. ज्या कामात कोण किती करतो हे उघड दिसत होते, तिथे कमीजास्त रोज असूनही कोणी बिनसले नाही. म्हणजे फरकाचा राग नाही. न कळणाऱ्या फरकाचा राग आहे.

हे वाचताना मला आपली मिरकरवाड्याची जेटी आठवते. मच्छीमारीत बऱ्याच होड्यांवर निव्वळ पगार नसतो, वाटा असतो. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा जातो. राहिलेल्या पैशात होडी-जाळ्यांचा म्हणजे मालकाचा मोठा भाग, तांडेलाचा खलाशापेक्षा जास्त, आणि मग बाकीच्यांचा. प्रत्येक ठिकाणी माप निराळे. हे माप सगळीकडे न्यायाचे असते असा माझा दावा नाही. भांडणे होतात, उचलीच्या पैशात माणसे अडकतात. पण एक गोष्ट त्यात चांगली आहे. मासळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाळ्यातून बाहेर पडते, लिलाव सगळ्यांच्या कानांदेखत होतो, आणि तांडेलाला जास्त का, हे खलाशाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. वाऱ्यापावसात होडी परत कोणी आणली, हे त्याने पाहिलेले असते. रापणीतही तेच. दोर ओढणाऱ्याला आपल्या वाट्याचा हिशेब किनाऱ्यावर उभ्या उभ्या करता येतो.

आता याच्या शेजारी एखाद्या कंपनीची ‘इन्सेंटिव्ह स्कीम’ ठेवा. चार पाने, त्यात सहा अटी, शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत ‘व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील’. अमुक टक्क्यांखाली काही नाही, तमुक वस्तूची विक्री धरली जाणार नाही, वसुली झाली नाही तर कापून घेतले जाईल. महिना संपल्यावर सेल्समनला आपल्याला किती मिळणार हे आधी सांगता येत नसेल, तर त्या योजनेने त्याला जोर येणार कसा? ते मग सोडतीचे तिकीट होते. लागले तर लागले.

टार्गेट आणि पाऊस

आपल्या जिल्ह्यात विक्रीचा ऋतू असतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याचा पैसा फिरतो, चाकरमानी येतात, लग्नसराई असते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाडा, साखरीनाटे, हर्णै इथली उलाढाल थंडावते, पावसाने वाटा तुटतात. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात कपड्यांपासून टीव्हीपर्यंत सगळे विकले जाते. हे इथल्या पोराटोराला ठाऊक आहे. पण टार्गेट ठरते मुंबईत किंवा त्याहून लांब. वर्षाच्या आकड्याला बाराने भागले की झाले! मग जुलैमध्ये सेल्समन नालायक ठरतो आणि गणपतीत तोच हुशार. त्याची अक्कल बदललेली नसते, पाऊस बदललेला असतो. ज्या गोष्टीवर माणसाचा ताबा नाही, तिच्यासाठी त्याला शिक्षा करणे हा अन्याय, आणि तिच्यासाठी बक्षीस देणे हीही उधळपट्टीच.

दुसरी खोड याहून वाईट. आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण औषध कंपनीत आहे. एकदा सहज विचारले, तेव्हा म्हणाला, ‘‘चाचा, पहिल्या वर्षी मी टार्गेटच्या सव्वापट धंदा दिला. स्टेजवर बोलावून ट्रॉफी दिली. दुसऱ्या वर्षी तो सव्वापट आकडा हेच माझं टार्गेट झालं. तिसऱ्या वर्षी मी शहाणा झालो.’’

‘‘म्हणजे काय केलंस?’’

‘‘टार्गेट भरलं की थांबतो. मार्चमधल्या ऑर्डरी एप्रिलमध्ये ढकलतो.’’

हा मुलगा आळशी नाही. कंपनीनेच त्याला शिकवले की जास्त धावशील तर पुढच्या वर्षी शर्यत लांब होईल. मेहनतीचे बक्षीस म्हणून जास्त मेहनत पदरात पडणार असेल, तर शहाणा माणूस मेहनत लपवून ठेवतो. यावर उपाय अवघड नाही. आकडा वाढवायचा तर तो भागात काय बदलले यावरून वाढवावा. नवे रुग्णालय आले, नवी वसाहत झाली, मालाचा भाव वाढला. याने जास्त केले म्हणून याचाच वाढवला, असे नको. आणि वर्ष चालू असताना नियम बदलू नये. भर खेळात गोलपोस्ट हलवली तर कोणता खेळाडू धावेल?

ज्याला पैसे, तेच होते

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती आपल्याला गिऱ्हाईक म्हणून भोवते. ज्या गोष्टीसाठी तुम्ही पैसे द्याल तीच गोष्ट तुम्हाला मिळेल. जी मनात धरली होती ती नव्हे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या मोठ्या बँकेने ठरवले की प्रत्येक गिऱ्हाइकाला बँकेच्या आठ-आठ योजना विकायच्या. शाखेतल्या कर्मचाऱ्यांवर रोजचे टार्गेट बसले. हेतू असा की गिऱ्हाइकाशी नाते घट्ट व्हावे. घडले भलतेच. नोकरी टिकवण्यासाठी कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या नावाने लाखो खाती उघडली. २०१६ साली हे उघडकीला आले, बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे बँकेने सांगितले. २०२० साली आणखी तीनशे कोटी डॉलर भरून बँकेने सरकारशी तडजोड केली. खोटी खाती उघडणाऱ्यांचा दोष होताच. पण इतकी माणसे एकाच वेळी एकाच प्रकारे वाकडी वागतात, तेव्हा वाकडेपणा माणसांइतकाच त्यांना मोजणाऱ्या पट्टीतही असतो.

घरचे उदाहरण विम्याचे. आयुर्विमा महामंडळाच्या एजंटाला पगार नसतो, कमिशन असते. वर्षानुवर्षे त्याची रचना अशी होती, की बऱ्याच पॉलिसींवर पहिल्या वर्षी बोनस धरून ३५ टक्क्यांपर्यंत, पुढची दोन वर्षे साडेसात आणि त्यानंतर ५ टक्के. हप्ता २०,००० रुपये असेल तर पहिल्या वर्षी ७,००० आणि चौथ्या वर्षापासून १,०००. यात एक शहाणपण आहे. पॉलिसी चालू राहिली तर एजंटाला वर्षे न् वर्षे मिळत राहते, आणि अटी पूर्ण केलेल्या एजंटाच्या पश्चात त्याच्या वारसांनाही ते मिळू शकते. जुन्या एजंटांनी घरोघर जाऊन हप्त्यांची आठवण करून दिली ती त्यामुळेच. पण सगळा जोर पहिल्या वर्षावर असल्याने, जुनी पॉलिसी मोडून नवी घ्या, असे सांगण्याचा मोहही त्याच रचनेत होता. ऑक्टोबर २०२४ पासून महामंडळाने पहिल्या वर्षाचे कमिशन बऱ्याच पॉलिसींवर २८ टक्क्यांवर आणले आणि नंतरच्या वर्षांचे ५ वरून साडेसातवर नेले. त्याच हप्त्यावर आता पहिल्या वर्षी ५,६०० आणि पुढे १,५००. एजंटांनी याला विरोध केला आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. ज्याने आज घर चालवायचे त्याला दहा वर्षांनंतरचे पंधराशे कसे पुरतील? पण विकणाऱ्यापेक्षा टिकवणाऱ्याला थोडे जास्त, ही दिशा गिऱ्हाइकाच्या हिताची आहे.

आंबा बागायतदारांना हे गणित वेगळे समजावण्याची गरज नाही. समजा, अडत शेकडा आठ आहे आणि पेटी हजाराला जाते. अडत्याने घासाघीस करून ती अकराशेला विकली तर बागायतदाराला ९२ रुपये जास्त, अडत्याला ८. त्या वेळात त्याने आणखी एक पेटी काढली तर त्याला ८०. मग तो भावासाठी भांडेल की पेट्यांची रांग भराभर हलवील? अडत्या वाईट नसेलही. त्याच्या कमिशनची रचनाच त्याला घाई करायला सांगते.

मग करावे काय?

विक्रीच्या माणसाला रास्त मोबदला म्हणजे काय, याचे उत्तर मला वाटते चार-पाच गोष्टींत देता येते. आणि त्या कंपनीलाच नव्हे, चार माणसे कामाला असलेल्या दुकानदारालाही जमण्यासारख्या आहेत.

पहिली, ठरलेला पगार असा असावा की त्यात घरभाडे, किराणा आणि मुलांची फी भागेल. घर चालवण्याचा पैसा विक्रीवर टांगून ठेवू नये. ज्याची चूल आजच्या विक्रीवर पेटते तो गिऱ्हाइकाला खरे सांगू शकत नाही. ‘ताई, हा रंग तुम्हाला चांगला नाही दिसत’ हे वाक्य बोलायला पोट भरलेले लागते. आणि असे वाक्य बोलणाऱ्या मुलीकडेच गिऱ्हाईक पुन्हा येते. नव्या वेतन संहितेतही एक तरतूद अशी आहे, की कमिशन वेतनात धरत नाहीत. पण कमिशन, भत्ते वगैरे बाहेर ठेवलेल्या रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी या गोष्टी वेतनावर ठरत असल्याने हा नियम साधा नाही. पगार नावापुरता ठेवून बाकी सारे कमिशनात दाखवण्याला त्याने थोडा चाप बसतो.

दुसरी, विक्रीवर मिळणाऱ्या पैशाचा नियम पोस्टकार्डावर मावेल इतका सोपा असावा आणि तो आधी लेखी दिलेला असावा. माणसाला रात्री झोपताना आजचे किती झाले ते बोटांवर मोजता आले पाहिजे. पैसेही वेळेवर. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि नोकरी सोडली वा सोडावी लागली तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण, असे संहिता सांगते. सहा महिन्यांनी मिळणाऱ्या कमिशनाने मेहनत आठवत नाही, फक्त तगादा आठवतो.

तिसरी, कामासाठी होणारा खर्च माणसाच्या खिशातून जाऊ नये. रत्नागिरीहून देवरूख, साखरपा, तिथून लांजा अशी मोटरसायकलची फेरी. पेट्रोल, टायर, मोबाइलचे रिचार्ज, दुपारचे जेवण. हे भत्त्यात बसत नसेल तर कागदावरचा पगार आणि हातातला पगार यांत खड्डा पडतो. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे निदान दिसतात तरी.

चौथी, सगळेच एकट्याच्या नावावर मोजू नये. दुकानात एकाने साडी दाखवली, दुसऱ्याने ब्लाउजपीस जुळवून दिला, तिसऱ्याने रडणारे मूल सांभाळले. बिल कोणाच्या नावावर? अशा ठिकाणी काही भाग सगळ्यांत वाटावा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत पापड’ सुरू केला. तिथे जी जितके पापड लाटील तितकी तिची लाटणावळ. पण प्रत्येक सभासद भगिनी संस्थेची मालकीण, आणि नफ्यातोट्यात सगळ्यांचा वाटा. आपले काम आपले आणि संस्था सगळ्यांची, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे त्या बायकांनी दाखवून दिले.

पाचवी गोष्ट पैशाची नाही. केरळमध्ये कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर उभे राहावे लागे. गिऱ्हाईक नसले तरी बसायची मुभा नव्हती. त्यांनी आंदोलन केले आणि २०१८ साली केरळने दुकानांत बसण्याची सोय करणे कायद्याने बंधनकारक केले. तमिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. एका स्टुलासाठी कायदा करावा लागतो, यावर हसावे की रडावे? आपल्या बाजारपेठेतल्या मालकांनी कायद्याची वाट न पाहता एक स्टूल ठेवायला काय हरकत आहे? महिन्याचा उत्तम विक्रेता म्हणून भिंतीवर फोटो लावण्यापेक्षा त्या स्टुलाने जास्त माणसे टिकतील.

मी फोटोच्या, ट्रॉफीच्या किंवा गोव्याच्या सहलीच्या विरोधात नाही. कौतुक कोणाला नको असते? मुशायऱ्यात ‘वाहवा’ मिळाली की आम्हा कवींनाही गाडीभाड्याचा विसर पडतो. पण आयोजकाने वाहवा दिली म्हणून मानधन देऊ नये, हे मात्र बरोबर नाही. बक्षीस जरूर द्यावे, मोबदला चुकता केल्यानंतर द्यावे. पगारातून कापलेल्या पैशाची मिठाई वाटली तर ती गोड लागत नाही, आणि वाटणाऱ्याला वाटते की माणसे कृतघ्न आहेत.

अरबीतून आलेला आणखी एक शब्द आपण रोज वापरतो, ‘हक्क’. मूळ भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे जे ज्याचे आहे ते, आणि दुसरा म्हणजे सत्य. विकणाऱ्या माणसाकडून आपण सत्याची अपेक्षा करतो. वजन खरे असावे, कापड खरे असावे, औषधाची माहिती खरी असावी, पॉलिसीच्या अटी खऱ्या सांगाव्यात. ती अपेक्षा रास्तच आहे. तिची किंमत मात्र एक आहे. त्या माणसाचे जे आहे ते त्याला वेळेवर, मोजून आणि समोरासमोर मिळाले पाहिजे.